चौकटीतील शहर आणि पडद्यावरील नायक : 'द स्पिरिट'च्या माध्यमांतराचा विचार

१

साहित्यकृतीवरून चित्रपट तयार झाला की आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न असा, की चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? हा प्रश्न अपुरा आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटात अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफलेल्या आहेत, म्हणून त्याला कोणी अप्रामाणिक म्हटलेले नाही. चित्रकथेवरून चित्रपट तयार होतो तेव्हा मात्र हा प्रश्न अपुराच नव्हे, तर फसवाही ठरतो. कादंबरीत केवळ शब्द असतात. दृश्ये दिग्दर्शकाला निर्माण करावी लागतात. चित्रकथेत दृश्ये आयतीच रेखाटलेली असतात आणि त्यांचा दृश्य ठसा पडद्यावर उमटविला की माध्यमांतर साधले, असा समज सहज होतो. या समजाची किंमत काय पडते, याचे बोलके उदाहरण म्हणून 'द स्पिरिट' या अमेरिकन गुन्हेपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा चित्रपट २५ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. विल आयस्नर (१९१७–२००५) यांच्या त्याच नावाच्या चित्रकथामालिकेवर तो आधारलेला आहे. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरातून चार कोटींहूनही कमी मिळविले आणि समीक्षकांनीही त्याचे स्वागत केले नाही. आर्थिक अपयश हा वाङ्मयीन विवेचनाचा विषय नव्हे. विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. चित्रपटाचे पटकथाकार आणि दिग्दर्शक फ्रँक मिलर हे स्वतः चित्रकथेच्या क्षेत्रातील अग्रगण्य लेखक-चित्रकार होत. आयस्नर यांना ते गुरुस्थानी मानत. उभयतांच्या प्रदीर्घ संवादाचा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. तेव्हा येथे परक्या, उदासीन निर्मात्याने मूळ कृतीची हेळसांड केली, असे म्हणण्याची सोय नाही. माध्यम जाणणाऱ्या आणि मूळ लेखकाविषयी श्रद्धा बाळगणाऱ्या शिष्याच्या हातूनच ही कृती निसटली आहे. ती का निसटली, हा खरा प्रश्न होय.

२

'द स्पिरिट'चा जन्म २ जून १९४० रोजी झाला, तोही पुस्तकाच्या दुकानात नव्हे, तर वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत. १९३८ साली 'सुपरमॅन' अवतरल्यानंतर चित्रकथांच्या मासिकांनी वाचक खेचून घेतला होता. त्याला उत्तर म्हणून वृत्तपत्रांना सोळा पानांची चित्रकथा-पुरवणी हवी होती. तीतील मुख्य कथा प्रारंभी आठ आणि पुढे सात पानांची असे. या पुरवणीचा वाचक केवळ शाळकरी मुलगा नव्हता. घरातील वडीलमंडळीही तोच अंक हाती घेत. प्रौढ वाचकासाठी लिहिण्याची संधी आयस्नर यांना येथे मिळाली आणि त्यांनी ती ओळखली. १९४२ ते १९४५ या काळात ते सैन्यात होते आणि मालिका इतरांनी चालविली. त्यांची परिपक्व निर्मिती युद्धानंतरची आहे. मालिका ऑक्टोबर १९५२ मध्ये संपली.

नायक डेनी कोल्ट हा गुप्तहेर मेला असे समजून पुरला जातो. प्रत्यक्षात तो केवळ निश्चेष्ट झालेला असतो. पुढे तो वाइल्डवुड दफनभूमीत राहून 'स्पिरिट' या नावाने पोलीस कमिशनर डोलन यांना साहाय्य करतो. त्याच्यापाशी कोणतीही अतिमानवी शक्ती नाही. नायकाला खास वेश हवा, असा व्यवसायातील आग्रह होता. आयस्नर यांनी डोळ्यांवर एक छोटासा मुखवटा आणि हातांत मोजे देऊन ती अट जेमतेम पाळली. बाकी अंगावर साधा निळा सूट आणि लाल टाय. हा नायक मार खातो, जखमी होतो, कपडे फाडून घेतो आणि पुष्कळदा गुन्हेगार त्याच्या हातून निसटतोही.

या नायकाचे दुबळेपण सात पानांच्या घाटाशी जोडलेले आहे. इतक्या अल्प अवकाशात दर आठवड्याला संपूर्ण कथा सांगावयाची, तर नायकाच्या पराक्रमाला फारशी जागा उरत नाही. आयस्नर यांनी ती जागा हळूहळू इतरांना देऊन टाकली. सप्टेंबर १९४८ मधील गेरहार्ड श्नॉबलची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. श्नॉबल हा नोकरी गमावलेला क्षुल्लक रखवालदार. आपल्याला उडता येते, हे लहानपणापासून दडवून ठेवलेले सत्य जगाला दाखवावे म्हणून तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर जातो आणि खरोखरच उडतो. त्याच गच्चीवर स्पिरिट आणि गुन्हेगार यांची झुंज चाललेली असते. तीतील एक भरकटलेली गोळी श्नॉबलला लागते. खाली जमलेल्या गर्दीपैकी एकालाही, आणि स्पिरिटलाही, हा माणूस उडत होता हे कळत नाही. एरवी जी झुंज कथेचा कळस ठरली असती, ती येथे पार्श्वभूमीला ढकलली गेली आहे. ते उड्डाण पाहणारा एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे वाचक.

सप्टेंबर १९४९ मधील 'टेन मिनिट्स' या कथेत हाच विचार काळाच्या अंगाने येतो. एक तरुण गल्लीतील गोळ्या-चॉकलेटच्या दुकानदाराला लुटावयास जातो, त्याच्या हातून खून होतो आणि पळता पळता तोही प्राणास मुकतो. त्याच्या आयुष्यातील ही शेवटची दहा मिनिटे आणि कथा वाचावयास लागणारा वेळ यांचा मेळ आयस्नर घालतात. चित्रकथेत काळ हा अवकाशाच्या रूपाने येतो. अरुंद चौकटी ओळीने आल्या की क्षण तुटक होतात, रुंद चौकट आली की श्वास लांबतो. दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत काय घडले, हे वाचकाने स्वतः भरून काढावयाचे असते. आयस्नर यांनी पुढे १९८५ साली चित्रकथेच्या तंत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील काळ आणि चौकट यांविषयीची मीमांसा या आठवड्यांच्या कामातून आलेली आहे, हे उघड दिसते.

थोडक्यात, 'द स्पिरिट' ही एक चित्रशैली नसून कथनरीती आहे. मर्त्य नायक, शहरातील नगण्य माणूस आणि वाचकाच्या वाट्याला आलेले साक्षीदारपण ही तिची तीन अंगे होत.

३

आता चित्रपटाकडे वळता येईल. मिलर यांनी २००५ साली रॉबर्ट रॉड्रिग्ज यांच्यासमवेत 'सिन सिटी' या आपल्याच चित्रकथेचा चित्रपट केला होता. अभिनेत्यांना हिरव्या पडद्यासमोर उभे करून भोवतालचे जग संगणकावर रचावयाचे, काळ्यापांढऱ्या प्रतिमेत एखादाच रंग पेटता ठेवावयाचा, ही पद्धती तेथे शोभून दिसली. कारण मूळ चित्रेच तशी होती. 'द स्पिरिट'मध्ये तीच पद्धती पुन्हा आली. नायकाचा निळा सूट काळा झाला, लाल टाय तेवढा उरला. पडद्यावर दिसते ती गुरूची नव्हे, शिष्याची रेषा.

परंतु हा वरवरचा फेरफार आहे. त्याहून मूलगामी बदल कथेच्या पायात आहे. चित्रपटात डेनी कोल्ट हा पोलीस खरोखरच मरतो आणि खलनायक ऑक्टोपसने तयार केलेल्या द्रव्यामुळे जिवंत होतो. हेच द्रव्य ऑक्टोपसच्याही अंगात असल्याने दोघेही जवळजवळ अवध्य आहेत. पहिल्याच झुंजीत ते दलदलीत एकमेकांना हाती लागेल त्या वस्तूने झोडपतात. संडासाचे भांडेही डोक्यावर फुटते, आणि तरी काहीच घडत नाही. ज्याला मरण नाही त्याच्या जखमेला अर्थ नाही. गुन्हेकथेत हिंसेला जे गांभीर्य लागते, ते या एका निर्णयाने नाहीसे होते.

ऑक्टोपसच्या बाबतीतही असेच झाले आहे. चित्रकथेत त्याचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसतात ते फक्त त्याचे हातमोजे. चेहऱ्याची ही रिक्त जागा वाचकाची भीती भरून काढत असे. चित्रपटात सॅम्युएल एल. जॅक्सन यांच्यासारखा ठळक नट ही भूमिका करतो आणि प्रसंगागणिक वेश पालटतो. एका प्रसंगी तर नाझी गणवेशही चढवितो. पाहावयास पुष्कळ मिळते, कल्पावयाचे काहीच उरत नाही.

शहराचे काय झाले? नायक स्वगतातून शहरावरील प्रेमाची ग्वाही वारंवार देतो. आयस्नर यांच्या नायकाला अशी ग्वाही द्यावी लागत नव्हती. जिने, गटारे, आगगाडीचे पूल, तिरपा कोसळणारा पाऊस आणि त्यात भिजणारी माणसे हे सारे पानावरच असे. चित्रपटातील शहर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पडणारे हिम. त्यात श्नॉबल राहू शकत नाही, कारण तेथे कोणालाही घर नाही, नोकरी नाही, शेजार नाही. चित्रकथेतील जी रखवालदाराची किंवा दुकानदाराची जागा, ती येथे हर्क्युलिसचे रक्त आणि सोनेरी लोकर या पुराणवस्तूंच्या शोधाने व्यापली आहे.

४

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ही मूळनिष्ठेचीच मागणी झाली. तसे नाही. चित्रकथेतील एबनी व्हाइट हे कृष्णवर्णीय मुलाचे पात्र वर्णद्वेषी व्यंगचित्रणाच्या साच्यातील होते. चित्रपटाने ते वगळले, हे योग्यच झाले. उलटपक्षी, चित्रपटातील त्यातल्या त्यात जिवंत भाग म्हणजे सँड सारेफ या बालमैत्रिणीची कथा. पोलीस असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर शहरावर रुसून गेलेली ही मुलगी मोठी गुन्हेगार होऊन परतते. ही कथा १९५० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. परंतु मुळात ती स्पिरिटसाठी नव्हतीच. 'जॉन लॉ' नावाच्या दुसऱ्याच नायकासाठी आयस्नर यांनी ती रचली होती. तो उपक्रम फसल्यावर नायकाच्या डोळ्यावरील पट्टी काढून तेथे मुखवटा चढविण्यात आला. स्वतः आयस्नर मूळ संहितेला इतके मोकळेपणाने हाताळत. या भागापुरती चित्रपटातील माणसे काही तरी गमावू शकतात, म्हणूनच तो भाग मनाला भिडतो.

दुसरा आक्षेप असा, की चित्रपट हेतुतःच फार्सिकल आहे आणि आयस्नरही विनोदी होते. ते होतेच. परंतु त्यांच्या सात पानांत हसणे आणि मरणे शेजारी शेजारी असत. कोणी तरी खरोखर मरू शकते, यामुळे त्या हसण्याला धार येई. मरणच काढून घेतले की विनोद नुसता धांगडधिंगा होतो.

माध्यमांतराच्या अभ्यासकाने या उदाहरणावरून कोणता बोध घ्यावा? मूळ कृती कशी दिसते, हे पाहण्याआधी ती वाचकाकडून काय करवून घेते, हे शोधले पाहिजे. प्रसंग बदलले, पात्रे गाळली, रंग पालटले, तरी ते करवून घेणे नव्या माध्यमात नव्या रीतीने साधता येते. ते साधले नाही, तर मूळ लेखकावरील श्रद्धाही उपयोगी पडत नाही. श्नॉबल उडाला हे गर्दीला कळले नाही, वाचकाला कळले. आयस्नर यांनी आपल्या वाचकावर टाकलेला हा विश्वास होता. २००८ च्या चित्रपटात नायक छपरांवरून सतत झेपावतो आणि त्याच्या प्रत्येक झेपेकडे आपले लक्ष वेधले जाते. परंतु आपण पाहिले नसते तर हरवले असते, असे त्यात काहीच नाही.