धुळ्याची ७९ किलोमीटरची भिंत

धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेतांच्या मधूनच काळ्या दगडाची एखादी सरळसोट रांग निघते आणि नजर पोचेल तिथवर जाते. जणू कुणी मुद्दाम भिंत घातली आहे. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. अशा २१० मोठ्या डाइक संशोधकांनी या भागात नोंदवल्या आहेत. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. ६२ मीटर म्हणजे एकीमागे एक उभ्या केलेल्या पाच एसटी गाड्या! सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरची, धुळे-जळगाव अंतराहून थोडीच कमी.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली. भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेले. भेगांत उरलेला शिलारस तिथेच थिजला. पुढे भोवतालचा खडक ऊनपावसाने झिजला आणि आतल्या टणक भिंती उघड्या पडल्या.

आता हिशेब करू. गिझाच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडचं घनफळ सुमारे २६ लाख घनमीटर. ही ७९ किलोमीटरची डाइक सरासरी २० मीटर जाड धरली आणि खोली फक्त १०० मीटर मोजली, तरी दगड भरतो १५ कोटी ८० लाख घनमीटर, म्हणजे ६० पिरॅमिड. दख्खनचा उरलेला सगळा लाव्हा तर ५ लाख चौरस किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त जागेवर पसरला आहे. त्याचं घनफळ ५ लाख घनकिलोमीटरच्या आसपास मानतात. त्यात १९ कोटी पिरॅमिड बसतील!

काळही तेवढाच अफाट. एक वर्ष म्हणजे एक सेकंद धरलं, तर हा लाव्हा उसळून दोन वर्षं आणि महिनाभर झाला. त्याच कातळात अजिंठ्याची पहिली लेणी कोरली गेली, त्याला जेमतेम ३७ मिनिटं. ज्या काळ्या मातीत आपला कापूस पिकतो, तीही याच खडकाची झीज.

खानदेशातल्या शिक्षकांनी पिरॅमिड आणि चीनची भिंत शिकवताना मुलांना एकदा या डाइकपाशी न्यावं. आणि खडीसाठी सुरुंग लावण्याआधी गावानं एवढं ध्यानात घ्यावं, की ही भिंत पुन्हा उभी करणं कुणालाच जमणार नाही.