संगणकीय संदर्भनोंद आणि प्राचीन ग्रंथ

जयपूर येथे एक प्रबंध वाचताना ‘(ज्ञानेश्वर, १९०९)’ अशी संदर्भनोंद आढळली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ग्रंथाला वि. का. राजवाडे यांनी संपादिलेल्या आवृत्तीचे वर्ष लागले होते! दोष यंत्राचा नव्हे. ‘वर्ड’मधील ग्रंथसूचीचे साधन रकान्यांत भरलेले नाव व वर्ष तेवढे कंसात मांडते. म्हणून संपादकाचे नाव अवश्य भरावे. वर्षाच्या रकान्यात ‘१२९०/१९०९’ असे लिहावे. पृष्ठाच्या जागी अध्याय व ओवी द्यावी आणि आपोआप उमटणारे पृष्ठचिन्ह अखेरीस काढून टाकावे. ओवीक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. आवृत्तीचा निर्देश नसेल, तर दुसरी प्रत हाती असलेल्या वाचकाला ती ओवी गवसणार नाही. वाचकाला मूळ संहितेपर्यंत पोचविणे, हेच तर संदर्भनोंदीचे प्रयोजन होय.