नाव एक, व्याधी दोन : मधुमेह आणि बहुमूत्रमेह

आपल्या व्यापारी कुटुंबांत ‘शुगर’ हा शब्द आता कोणाला नवा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. त्यामुळे घरातील एखाद्या व्यक्तीला सारखी तहान लागू लागली, रात्री चार-पाच वेळा लघवीस उठावे लागू लागले, की घरची मंडळीच निदान करून मोकळी होतात आणि दुसऱ्या दिवसापासून ताटातील गोड पदार्थ बंद होतो. बहुतेक वेळा ही शंका खरी ठरते. परंतु याच दोन लक्षणांच्या आड दुसरीही एक व्याधी असू शकते. तिचा साखरेशी काडीमात्र संबंध नाही, मात्र पाण्याशी संबंध प्राणांतिक आहे. इंग्रजी वैद्यकात तिला ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणत आले आहेत. आपण तिला बहुमूत्रमेह म्हणू. चौविहार आणि उपवास ज्या घरांत नित्याचे आहेत, त्या घरांनी तर हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

नावाचा इतिहास

‘डायबेटिस’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ आरपार वाहून जाणे. प्यालेले पाणी शरीरात न थांबता वाहून जाते, असे वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या ॲरिटियस या वैद्याने केले. लघवीची चव मधासारखी असते, ही गोष्ट सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसने नोंदवली. हा गोडवा साखरेचाच आहे, हे १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने दाखवून दिले. पुढे १७९४ मध्ये जर्मन वैद्य योहान पीटर फ्रँकने ज्यांच्या लघवीत साखर नसते असे रुग्ण वेगळे काढले. तेव्हापासून एक ‘मेलिटस’ म्हणजे मधासारखा गोड आणि दुसरा ‘इन्सिपिडस’ म्हणजे बेचव, अशी दोन नावे रूढ झाली. आपल्या आयुर्वेदाने तर फार पूर्वीच प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना मधुमेह आणि पाण्यासारख्या स्वच्छ लघवीचा उदकमेह यांची वेगवेगळी नोंद केली होती.

दोन वेगळी खाती

आता शरीरातील व्यवहार पाहू. निरोगी माणसाचे मूत्रपिंड दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळते. एवढ्या प्रचंड उलाढालीतून शेवटी बाहेर पडते ते केवळ दीड-दोन लिटर. बाकी सर्व रक्तात परत जमा होते. या परतफेडीत बिघाड झाला की लघवी वाढते. दोन्ही व्याधींत हेच घडते, पण बिघाडाचे ठिकाण वेगळे असते.

मधुमेहात दोष इन्सुलिनचा असतो. स्वादुपिंडात तयार होणारे हे संप्रेरक रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवते. ते कमी पडले, किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की गोदामात माल पडून राहावा आणि गिऱ्हाइकाच्या घरी चूल पेटू नये, तशी अवस्था होते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेणे जमत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाण्यालाही सोबत ओढून नेते. म्हणून तहान लागते. म्हणजे येथे तहान हे साखरेचे पर्यवसान आहे.

बहुमूत्रमेहात साखरेचे खाते अगदी चोख असते. दोष असतो तो व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा. ते मेंदूच्या तळाशी तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीत साठवले जाते. ‘पाणी राखून ठेवा’ हा निरोप मूत्रपिंडाला तेच देते. डोक्याला मार, पीयूषिका ग्रंथीजवळची गाठ किंवा शस्त्रक्रिया, मेंदूतील संसर्ग अशा कारणांनी हे संप्रेरक कमी पडते. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात संप्रेरक पुरेसे असते, पण मूत्रपिंड त्याचे ऐकत नाही. मानसिक आजारावर दीर्घकाळ घेतलेले लिथियम, रक्तात वाढलेले कॅल्शियम, घटलेले पोटॅशियम किंवा आनुवंशिक दोष ही त्याची कारणे होत. क्वचित गर्भारपणातही ही व्याधी उद्भवते आणि बाळंतपणानंतर ओसरते.

दोन्ही प्रकारांत लघवी पाण्यासारखी फिकट होते. तिचे प्रमाण दिवसाला तीन लिटरपासून गंभीर रुग्णात पंधरा-वीस लिटरपर्यंत जाऊ शकते. रुग्ण पाणी पितो म्हणून लघवी होत नाही. लघवी होते म्हणून त्याला पाणी प्यावे लागते. हा कार्यकारणभाव विसरून घरच्यांनी ‘पाणी कमी पी, म्हणजे कमी उठावे लागेल’ असा सल्ला दिला, तर तो सल्लाच घातक ठरतो. रक्तातील सोडियम वाढत जाते. आधी चिडचिड, मग भ्रम, पुढे झटके आणि बेशुद्धी असा हा उतार असतो.

निदान आणि उपचार

पहिली पायरी सोपी व स्वस्त आहे. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आढळले, तर मधुमेहाचे निदान पुढे येते. स्पष्ट लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करतात. रक्तशर्करा स्वच्छ आहे आणि तहान मात्र भागत नाही, अशा वेळी ‘शुगर नाही ना, मग चिंता नाही’ म्हणून थांबू नये. चोवीस तासांची लघवी मोजावी, रक्तातील सोडियम व लघवीची घनता तपासून घ्यावी आणि संप्रेरकतज्ज्ञाला भेटावे. केवळ सवयीने अति पाणी पिणाऱ्यांनाही अशीच लक्षणे दिसतात. तो फरक ओळखण्यासाठी काही तास पाणी बंद ठेवून चाचणी करतात. ती रुग्णालयात, देखरेखीखालीच करावयाची असते. घरी तिचा प्रयोग कदापि करू नये.

उपचारांचे मार्गही वेगळे आहेत. मधुमेहाला आहारनियमन, व्यायाम, गोळ्या आणि इन्सुलिन. संप्रेरक कमी पडणाऱ्या बहुमूत्रमेहाला डेस्मोप्रेसिन नावाचे औषध, गोळीच्या किंवा नाकातील फवाऱ्याच्या रूपात. मूत्रपिंडाच्या प्रकारात कमी मीठ आणि काही विशिष्ट औषधे. गोड बंद केल्याने बहुमूत्रमेहात काहीही साधत नाही. उलट डेस्मोप्रेसिन घेणाऱ्याने गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्यास सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. म्हणून तेथेही माप हवेच.

नावाचा घोटाळा किती महाग पडतो, याचे उदाहरण लंडनमध्ये घडले. २००९ मध्ये तेथील एका रुग्णालयात खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या बावीस वर्षांच्या युवकाला ही व्याधी होती. त्याला नेहमीचे औषध मिळाले नाही. त्याचे वागणे बिथरले, पण ते आजाराचे लक्षण आहे हे ओळखले गेले नाही. पाणी मिळावे म्हणून त्याने रुग्णशय्येवरून पोलिसांना दूरध्वनी केला. अखेर पाण्याअभावी त्याचा मृत्यू झाला. अशा घटनांतून बोध घेऊन २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांनी ‘डायबेटिस’ हा शब्दच काढून टाकून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ आणि ‘व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध’ अशी नवी नावे सुचवली.

आपली व्रते आणि या व्याधी

आता आपल्या घरातील प्रश्न. सूर्यास्तापूर्वी भोजन, ऊनोदरी, मर्यादित पदार्थ या आपल्या परंपरा मधुमेही व्यक्तीला साहाय्यकच आहेत. मात्र उपवास आणि अठ्ठाई ही वेगळी बाब आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून आहार बंद केला, तर रक्तशर्करा ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून देणे हाच तातडीचा उपाय. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेत असताना निराहार राहिल्यास शरीरातील पाणी घटते आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणून पर्युषणापूर्वी दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलून औषधांची फेरमांडणी करावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे किंवा चालू ठेवणे, दोन्ही अयोग्य.

बहुमूत्रमेहात प्रश्न त्याहून कठीण आहे. चौविहार केला आणि सकाळी नवकारशी पाळली, की सुमारे तेरा तास पाणी वर्ज्य होते. निरोगी शरीर हे सहज सोसते, कारण रात्री व्हॅसोप्रेसिन पाणी राखून ठेवते. ज्याच्याजवळ हा राखणदारच नाही, त्याच्यासाठी तेरा तास ही तपश्चर्या नसून संकट आहे. औषधाने व्याधी पूर्ण आटोक्यात असली, तरी रात्रीचा नियम घ्यावा की नाही, हे तज्ज्ञाच्या संमतीनेच ठरवावे. चौविहार उपवासाचा तर विचारही करू नये.

यात धर्माचा अव्हेर होतो, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या पच्चक्खाणांतच आगार सांगितले आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले तर व्रतभंग होत नाही, यासाठी ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. व्रत घेण्यापूर्वी महाराजसाहेब किंवा साध्वीजींना आजार स्पष्ट सांगावा. झेपेल असा नियम तेच सुचवतील. पाणी सोडता न येणारा साधक द्रव्यमर्यादा, सामायिक, मौन, स्वाध्याय यांतून तप साधू शकतो. ग्लानाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे तर आभ्यंतर तपांपैकी एक आहे.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल, तर रात्री त्याच्या उशाशी उकळून गाळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवावा. आजाराचे पूर्ण नाव व औषध लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात असावी. तो कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला, तर ‘याला साखरेचा नव्हे, पाण्याचा आजार आहे, औषध चुकवू नका आणि पाणी तोडू नका’ हे तेथील डॉक्टरांना व परिचारिकांना घरच्यांनी प्रत्येक पाळीत सांगावे.