भाव पडला आणि लवाद बसला

शंभर वर्षांपूर्वी अमरावतीच्या कापूस बाजारात गाड्या लागल्या की अडत्याची पहिली चौकशी असे ती मुंबईच्या तारेची. मुंबईचा भाव लिव्हरपूलवर ठरे आणि लिव्हरपूलचा न्यूयॉर्ककडे बघून. वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला तिकडच्या व्यापारात अमरावतीच्याच नावाने ओळखत. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही त्यांच्या पऱ्हाटीची किंमत समुद्रापलीकडे ठरत होती. म्हणूनच ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला तो दर्यापूर-मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याच्याही अंगावर.

पुढच्या तीन-चार वर्षांत हिंदुस्थानातल्या शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. आता कर्जाचं गणित बघा. समजा, एकाने १०० रुपये काढले तेव्हा दोन गाड्या कापूस विकला की फिटतील असा हिशेब होता. भाव निम्मा झाल्यावर त्याच १०० रुपयांना चार गाड्या लागणार. कर्जखतावरचा आकडा एका पैशानेही हललेला नाही, व्याज बाजूलाच ठेवा, तरी कर्ज दुप्पट झालं! सरकारी साऱ्याचंही तेच, कारण तोही रोकड्यात ठरलेला. मंदी म्हणजे पैशाची टंचाई असं आपण सहज म्हणतो. कर्जदाराच्या बाजूने पाहिलं तर मंदीत पैसा जड होतो.

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून सोन्याचा रुपयातला भाव चढला. घरात विकण्याजोगी तेवढीच एक वस्तू उरली होती. गावोगावचे सोन्याचे डाग सोनाराकडे, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने परदेशी गेले. १९३३ मध्ये त्यात जपानची भर पडली. आपला आखूड धाग्याचा कापूस सर्वांत जास्त घेणारं गिऱ्हाईक जपान. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जकात चढवली म्हणून तिथल्या गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ च्या आरंभी करार होऊन तो सुटला: जपानने १० ते १५ लाख गाठी घ्यायच्या आणि त्या बदल्यात ३२.५ ते ४० कोटी वार कापड इथे विकायचं. अकोल्याच्या जिनात बसलेल्या माणसाचं पोट ओसाकाच्या गिरणीशी कसं बांधलेलं होतं, ते या एका करारात दिसतं.

मग सरकारने काय केलं? अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट रस्ते, धरणं बांधायला लोकांना कामावर घेत होता ते हेच वर्ष, १९३३. आपल्याकडे तसलं काही घडलं नाही. साम्राज्य सरकारचा हात आखडता होता. पण त्याच वर्षी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या नागपुरातल्या विधिमंडळातून एक अजब कायदा बाहेर पडला: कर्ज लवाद कायदा. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा पहिला. पंजाब, बंगाल, मद्रास नंतर याच वाटेने गेले. त्याच्यामागे प्रामुख्याने होते प्रांताचे मंत्री पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ऑक्सफर्डला वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून आलेला हा माणूस सावकाराच्या खतांचा विचार करत बसला, हे मला फार आवडतं.

तेव्हाच्या वऱ्हाडची गंमत अशी की कायद्याने तो निजामाचा मुलूख होता. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपये खंड देऊन इंग्रज तो कायमच्या पट्ट्याने चालवत. त्यामुळे नागपूरला झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप येत नसे, तो वेगळा 'लागू' करावा लागे. इतकंच काय, वऱ्हाडी मतदारांनी निवडलेल्या आमदारांनाही कागदोपत्री सरकारने नेमलेलं दाखवत!

लवाद मंडळाचं काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. कर्जदार अर्ज करी: माझं देणं इतकं, माझी जमीन-गुरं इतकी. मंडळ सगळ्या धनकोंना नोटीस काढी की आपापला हिशेब मुदतीत मांडा. जो मांडणार नाही त्याचं कर्ज फिटलं असं कायदाच धरून चाले. हा चिमटा जबर होता, कारण वह्या उजेडात आणायला कोण सावकार राजी असतो? मग दोघांना समोरासमोर बसवून घासाघीस. एकूण कर्जापैकी ४० टक्के रकमेचे धनको तयार झाले की करार नोंदला जाई, हप्ते ठरत आणि त्या कराराला दिवाणी हुकूमनाम्याचं वजन येई. वाजवी तडजोडीला एखादा आडवा गेलाच तर मंडळ कर्जदाराला दाखला देई. तो असला की पुढे कोर्टात त्या सावकाराला खर्च मिळत नसे आणि व्याजही ६ टक्के सरळव्याजापेक्षा जास्त मिळत नसे. शेतकऱ्यालाही मोकळीक नव्हती. हप्ता चुकला तर वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी.

सावकार याला कबूल का होत? कारण तोही अडकला होता. निम्म्या भावात जमीन ताब्यात घेऊन करायचं काय? वऱ्हाडात सहकारी बँकांकडेसुद्धा वसुलीत पैशाऐवजी जमिनी येऊन पडल्या होत्या. कागदावरच्या हजारापेक्षा हातात येणारे पाचशे बरे, हे बाजारात मुरलेल्या माणसाला कळत होतं.

पडद्यावरचा सावकार मात्र निराळा. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला होता. खोट्या कागदावर जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी ती गोष्ट. कथा नारायण हरी आपट्यांची, तरुण शेतकरी व्ही. शांताराम. तोच चित्रपट पेंटरांनी १९३६ मध्ये पुन्हा काढला, बोलका. ऐन मंदीत. त्याच वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला आणि मुंबईत वर्षाहून जास्त चालला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही आख्यायिका ज्या समाजाला तोंडपाठ, त्याला खतं उघडून बसणारा लवाद फारसा परका वाटला नसावा.

आणि कीर्तन! दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिलेला डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, तेव्हा साठीकडे झुकलेले होते. आधी खराट्याने गाव झाडायचं, मग रात्री कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत सुटायचं: कर्ज कशाला काढलं, लग्नात किती उधळलं, पोरगं शाळेत का नाही? १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारणारे तुकडोजी महाराज खंजिरीवर जवळपास हाच विषय घेऊन फिरत होते. दोघांचा रोख खर्चावर होता. सल्ला चोख, पण पडलेला भाव त्याने वर येणार नव्हता. काटकसरीने राहिलेलं घरही या मंदीत बुडत होतंच.

लवादाचंही दुबळेपण लवकर उघडं पडलं. सगळी मदार राजीखुशीवर; बडे धनको हटून बसले की मंडळाचे हात बांधलेले. म्हणून १९३९ मध्ये, रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, कर्ज निवारणाचा नवा कायदा झाला आणि कर्ज कमी करण्याचा अधिकार न्यायालयांकडे गेला. तरीही माझ्या मते मोठी झेप १९३३ चीच. चित्रपटाला खलनायक लागत होता. लवादाने तो शोधला नाही. पडलेल्या भावाचा तोटा एकट्या कर्जदाराने का सोसायचा, धनकोनेही त्यातला वाटा उचलावा, हे त्याने कायद्यात लिहिलं.

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यांत खतं आणि वह्या अजून पेट्यांत पडून असतात. त्यात लवाद मंडळाचा एखादा करार किंवा दाखला निघाला तर रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा.