भावी उत्पन्नक्षमता आणि महाविद्यालयीन शुल्क : अंबड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दुपारची पाळी सुरू होताना कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या तरुणांत आय.टी.आय. झालेला टर्नर असतो, तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक असतो, यांत्रिकी अभियंता असतो आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असतानाच ठेकेदाराकडे पॅकिंगचे काम करणारा विद्यार्थीही असतो. या चौघांनी शिक्षणासाठी भरलेल्या शुल्कात कित्येक पटींचा फरक असतो. पहिल्या पगारात मात्र तेवढा फरक असेलच असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या सकाळच्या पहिल्या तासाला रात्रपाळी संपवून आलेले काही विद्यार्थी बसलेले असतात. ज्या अभ्यासक्रमातून पुढे अधिक मिळकत होण्याचा संभव आहे, त्याचे शुल्क अधिक असावे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर मांडला असता तो केवळ पुस्तकी राहत नाही.

महाराष्ट्रातील शुल्काचा पाया :

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि 'ज्याला लाभ, त्याने खर्च उचलावा' ही कल्पना व्यवहारात आली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत जागा व सशुल्क जागा अशी विभागणी केली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रचना मोडीत काढली, तर २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने नफेखोरी व देणगीशुल्क यांवरील निर्बंध पुन्हा अधोरेखित केले. आज २०१५ च्या अधिनियमान्वये शुल्क नियामक प्राधिकरण खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविते. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. हे शुल्क संस्थेच्या खर्चावर व विकासासाठीच्या वाजवी वाढाव्यावर ठरते. विद्यार्थ्याच्या भावी मिळकतीचा विचार कायद्याने त्यात अभिप्रेत नाही. सवलतीही पालकांच्या उत्पन्नाकडे, म्हणजे भूतकाळाकडे पाहतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची ८ लाख रुपयांची मर्यादा आणि त्याच मर्यादेत मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी देणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय, ही याची उदाहरणे होत.

अपेक्षित मिळकत आणि प्रत्यक्ष मिळकत :

भावी उत्पन्नाशी शुल्क जोडण्याचे दोन मार्ग आहेत व चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते. पहिल्या मार्गात अभ्यासक्रमाच्या सरासरी मिळकतीवरून प्रवेशाच्या वेळीच शुल्क ठरते. दुसऱ्यात विद्यार्थी कमावता झाल्यावर त्याच्या प्रत्यक्ष उत्पन्नानुसार फेड होते. ऑस्ट्रेलियाने दोन्ही मार्ग अवलंबिले. १९८९ मध्ये तेथे सर्व अभ्यासक्रमांना वर्षाला १,८०० डॉलर असे एकच अंशदान ठरले व उत्पन्नाने विशिष्ट पातळी ओलांडल्यावर ते प्राप्तिकराबरोबर वसूल होऊ लागले. १९९७ मध्ये तीन श्रेणी आल्या. त्यांत कायद्याचे शिक्षण, जे शिकविण्यास फारसा खर्च येत नाही, वैद्यकशास्त्राबरोबर सर्वांत वरच्या श्रेणीत बसविले गेले. यामागे वकिलांच्या अपेक्षित मिळकतीचा विचार होता, हे उघड आहे. पुढे २०२१ मध्ये धोरण उलटले. देशाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमांकडे विद्यार्थी वळावेत म्हणून परिचर्या व शिक्षणशास्त्र स्वस्त झाले आणि मानव्यविद्यांतील बहुतेक विषय सर्वांत महागड्या श्रेणीत गेले. अल्प मिळकतीच्या पदवीला सर्वाधिक शुल्क, असा हा विचित्र परिणाम होय. २०२४ च्या उच्चशिक्षणविषयक अहवालाने ही योजना फसल्याचे नमूद करून आयुष्यभराच्या संभाव्य मिळकतीवर आधारित अंशदानाकडे परतण्याची शिफारस केली.

अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९७१ मध्ये दुसऱ्या मार्गाचाच एक प्रकार योजिला. संपूर्ण गटाचे कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावयाचा होता. श्रीमंत झालेले एकरकमी भरून मोकळे झाले, काहींनी भरलेच नाही, आणि प्रामाणिक मध्यमवर्गीयांच्या माथी उरलेला बोजा आला. २००१ मध्ये विद्यापीठाने उरलेली देणी माफ केली.

अंबडच्या संदर्भात :

पहिला मार्ग येथे लावल्यास सरासरीच फसवी ठरते. संगणक शाखेची पदवी घेऊन एक विद्यार्थी पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत जातो, त्याच बाकावरचा दुसरा अंबडमधील लघुउद्योगात संगणकावर भांडाराच्या नोंदी ठेवतो. दोघांची पदवी एक, मिळकत भिन्न. विवाहानंतर नोकरी सोडावी लागणारी विद्यार्थिनी तर कोणत्याच सरासरीत बसत नाही. जी मिळकत तिच्या हाती येणारच नाही तिच्यासाठी तिने आगाऊ का भरावे? शिवाय शुल्काचा आकडा पाहूनच गरीब घरातील मुलगा माघार घेतो. पुढे भरपूर मिळेल, हे आश्वासन त्याच्या वडिलांना प्रवेशाच्या खिडकीपाशी उपयोगी पडत नाही.

म्हणून दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. परंतु त्याची वसुली कोण करणार? ऑस्ट्रेलियात प्राप्तिकर खाते ते काम करते. आपल्याकडे २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, त्यामुळे अंबडमधील बहुसंख्य पदवीधर करभरणा करणाऱ्यांत येतच नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या कपातीतून हप्ता घेता येईल, अशी कल्पना सुचते. पण मग रोखीने पगार घेणारा, ठेकेदार बदलत राहणारा आणि स्वतःची वर्कशॉप काढणारा, असे तिघेही निसटतात व भार केवळ कायम कामगारावर पडतो. येलमध्ये घडले तेच येथे निराळ्या कारणाने घडेल.

प्रस्तुत लेखकाच्या मते, आरंभ मर्यादित क्षेत्रात करावा. सध्याच्या शैक्षणिक कर्जाचा मासिक हप्ता शिक्षण व त्यानंतरच्या सवलतीच्या काळानंतर सुरू होतो, मग पगार १२ हजार असो वा ६० हजार. नवे शुल्क न लादता केवळ हा हप्ता पगाराच्या ठरावीक टक्क्यांपुरता बांधावा, पगार नसलेल्या महिन्यांत तो थांबावा, आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेली रक्कम शासनाने सोसावी. शासनावर नेमका किती भार येईल हे प्रथम एखाद्या जिल्ह्यात तपासता येईल. औद्योगिक वसाहत, तंत्रनिकेतने व कला-वाणिज्य महाविद्यालये एकाच परिसरात असल्याने नाशिक त्यासाठी सोयीचे आहे. रात्रपाळीहून आलेल्या एका विद्यार्थ्याने वर्गातील चर्चेत विचारले होते, "सर, ठेकेदाराने दोन महिने पगारच दिला नाही, तर टक्का कशाचा काढणार?" योजना आखणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी नियमात लिहिले पाहिजे.