श्वासाचं मशीन: जीव वाचवतं, पण बेतानं चालवावं लागतं

कोरोनाच्या काळात 'व्हेंटिलेटर' हा शब्द घराघरांत पोचला आणि त्याच्यासोबत भीतीही आली. "मशीनला लावलं की माणूस परत येत नाही," असं आपण सहज बोलून जातो. त्यात खरं किती, ते आज पाहू.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. मशीन मात्र हवा दाबानं आत ढकलतं. फुप्फुसांत हवेचे कोट्यवधी नाजूक फुगे असतात. मोठा न्यूमोनिया झाला की त्यांतले बरेच पाण्यानं भरतात. ठिबकच्या अर्ध्या नळ्या चोंदल्या आणि मोटर तशीच चालू ठेवली, तर सगळा दाब उरलेल्या नळ्यांवर येतो ना? इथंही तसंच. चांगले फुगे ताणले जातात, सुजतात, कधी फाटतात.

पूर्वी डॉक्टर मशीनमधून मोठे श्वास देत. 2000 साली अमेरिकेतल्या 861 रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. मोठे श्वास दिलेल्यांत शंभरातले सुमारे 40 दगावले; निम्म्या मापाचे श्वास दिलेल्यांत 31. नवं औषध नव्हतं, फक्त हवा बेताची होती.

हे माप उंचीवर ठरतं, वजनावर नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत. पाच फूट उंचीच्या बाईला एका श्वासाला साधारण 270 मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त हवा पुरते. म्हणून नर्सबाई टेपनं रुग्णाची उंची मोजू लागल्या, तर घाबरू नका.

आणखी दोन धोके आहेत. घशातल्या नळीवाटे जंतू आत उतरतात. आणि मशीनच श्वास देत राहिलं, की छातीचा पडदा अशक्त होतो. म्हणून आपलं माणूस मशीनवर असेल, तर नम्रपणे तीन गोष्टी विचारा: डोक्याकडची बाजू उंच ठेवली आहे का? तोंडाची स्वच्छता रोज होते का? स्वतःहून श्वास घेता येतो का, हे रोज पाहता का?

मशीनवरचे काही रुग्ण जातात, कारण आजारच तेवढा वाढलेला असतो. मशीन फुप्फुस बरं करत नाही. ते बरं होईपर्यंत वेळ मिळवून देतं. डॉक्टरांनी गरज सांगितली, तर केवळ भीतीपोटी नाही म्हणू नका. विचारा, समजून घ्या, मग ठरवा.