ॲस्पर्गर लक्षणसमूह व शालेय साहाय्य

ॲस्पर्गर लक्षणसमूह : बोलण्यास व बौद्धिक वाढीस उशीर झालेला नसताना ज्या बालकांत सामाजिक व्यवहाराचे आकलन, संकेतार्थाची जाण व बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता लहानपणापासूनच वेगळ्या प्रकारची आढळते, त्यांच्या अवस्थेस दिलेले नाव. हा रोग नव्हे. मज्जासंस्थेच्या विकासातील ती एक भिन्नता होय व ती जन्मभर राहते. वैद्यकात आता हे स्वतंत्र निदान मानीत नाहीत. त्याचा अंतर्भाव स्वमग्नता वर्णपटात केला जातो. तथापि पालक, शिक्षक व स्वतः अशा व्यक्ती यांच्यात हे नाव अद्याप रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत अशा बालकास सर्वसाधारण शाळेत मिळावयाच्या साहाय्याचा विचार मुख्यतः भारतातील परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

संज्ञेचा इतिहास : अशा मुलांचे तपशीलवार वर्णन रशियन मनोविकारतज्ज्ञ ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५-२६ मध्येच केले होते. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर (१९०६–८०) यांचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले होते. ॲस्पर्गर यांचे लेखन जर्मन भाषेत असल्यामुळे ते बराच काळ उपेक्षित राहिले. १९८१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी त्यांच्या नावाने ही संज्ञा रूढ केली. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (१९९२) आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत (१९९४) तिला स्थान मिळाले. २०१३ मध्ये अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतून व पुढे २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून ती वगळण्यात आली. नाझी राजवटीत ॲस्पर्गर यांनी काही अपंग बालकांना ज्या संस्थेत मुलांची हत्या केली जात असे त्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ येथे धाडल्याचे हेरविग चेक यांच्या २०१८ च्या संशोधनातून उघड झाले. त्यामुळेही अनेक जण हे नाव टाळतात. या नामांतराचा एक व्यावहारिक परिणाम पालकांनी ध्यानात घ्यावयास हवा. भारतीय कायद्यात ‘ॲस्पर्गर’ हा शब्द नाही, ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ हा आहे. जुन्या अहवालात केवळ पहिले नाव असल्यास शाळा वा परीक्षा मंडळ तो अहवाल कायद्याच्या कक्षेबाहेरचा समजण्याचा संभव असतो. म्हणून तज्ज्ञाकडून दोन्ही नावांचा उल्लेख करवून घेणे इष्ट ठरते.

शाळेतील स्वरूप : अशा बालकाचे वाचन व पाठांतर पुष्कळदा वयाच्या मानाने उत्तम असते. एखाद्या विषयाचा, उदा., लोकल गाड्यांचे वेळापत्रक, ग्रहगोल, किल्ले, सापांच्या जाती, त्याला विलक्षण व्यासंग असतो. घरात बोलीभाषा असली, तरी ते पुष्कळदा पुस्तकी मराठीत बोलते. वर्गमित्रास ‘तू असे का केलेस?’ असे विचारणारा मुलगा वर्गात लवकरच थट्टेचा विषय होतो. मराठीतील तू, तुम्ही आणि आपण यांतील निवड इतर मुले ऐकून ऐकून आत्मसात करतात. यास ती नियम म्हणून शिकवावी लागते व नियमाला असलेले अपवाद त्याला गोंधळात टाकतात. ‘माझे डोके खाऊ नकोस’ यावर ‘मी डोके खात नाही’ असे उत्तर आले, तर बाई त्यास उर्मटपणा समजतात. वास्तविक ते उत्तर अगदी प्रामाणिक असते.

मराठीच्या तासाला येणारी अडचण बोधप्रद आहे. छत्रीचे आत्मवृत्त लिहावयास सांगितले असता छत्री बोलू शकत नाही, येथेच त्याचे गाडे अडते; ‘शाळा बंद पडल्या तर’ या विषयावर शाळा बंद पडलेल्या नाहीत एवढे एकच वाक्य लिहून ते वही मिटते. याच मुलास छत्रीची रचना व तिचे भाग यांविषयी लिहिण्यास सांगितल्यास ते दोन पाने भरून देते. अक्षर मात्र बहुधा वाईट असते, कारण हातांच्या सूक्ष्म हालचालींतील अवघडलेपणा या अवस्थेत वारंवार आढळतो.

वर्गापेक्षा वर्गाबाहेरचा वेळ त्याला कठीण जातो. मधली सुट्टी, खेळाचा तास, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सहल या प्रसंगी काय करावयाचे याची आखणी नसते व गोंगाट फार असतो. परिपाठाच्या वेळचा ध्वनिक्षेपक, घंटेचा कर्कश आवाज, साठ मुलांच्या वर्गातील घामाचा वास, गणवेशाच्या गळपट्टीचे टोचणे, हे सारे त्याच्या संवेदनांवर इतरांपेक्षा कितीतरी तीव्रतेने आघात करते. ताण साचत जातो आणि बाई रजेवर असल्याने दुसऱ्या शिक्षिका वर्गावर आल्या, एवढ्या निमित्ताने त्याचा स्फोट होतो. पाहणाऱ्यास केवळ निमित्त दिसते. मुलींमध्ये बहुधा असा स्फोट शाळेत होत नाही. त्या दुसऱ्या मुलींचे अनुकरण करून दिवस निभावतात व घरी आल्यावर कोसळतात. त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते व शाळेस घरच्या तक्रारी खऱ्या वाटत नाहीत.

साहाय्य नाकारले जाण्याची कारणे : मतिमंद वा अंध बालकाच्या बाबतीत गरज सिद्ध करावी लागत नाही. येथे मात्र बालकाचे गुणपत्रकच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. ‘पहिल्या पाचांत असणाऱ्या मुलाला कसली मदत?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने गेल्या तीस वर्षांत अनेक मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकला आहे. दुसरीकडे, तेच मूल रागाच्या भरात बाक उलटून देते तेव्हा ‘आमच्या शाळेत अशा मुलांची सोय नाही, दुसरी शाळा पाहा’ असे पालकांना तोंडी सुचविले जाते. एकाच शाळेने एकाच वर्षात एकाच मुलाविषयी ही दोन्ही विधाने केल्याचेही उदाहरण आहे. मूल साहाय्यास पात्र होण्याइतके वेगळे नाही, पण शाळेत ठेवण्याइतके सारखेही नाही, असा हा पेच होय. अनेक पालक या टप्प्यावर शाळा सोडल्याचा दाखला मुकाट्याने घेऊन जातात.

कायद्याची तरतूद : १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो झाला. परंतु त्या अधिनियमाचा रोख प्रामुख्याने पालकत्व व संगोपन यांवर होता. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता नमूद असून त्यांत स्वमग्नता वर्णपट विकार आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि वैयक्तिक साहाय्य पुरवावे, अशी अपेक्षा आहे. सतराव्या कलमात अभ्यासक्रम व परीक्षापद्धती यांतील फेरबदलांचा, उदा., जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा, उल्लेख आहे. ‘वाजवी सोय’ म्हणजे संस्थेवर अवास्तव भार न टाकणारे, पण त्या व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेले आवश्यक व समुचित फेरबदल.

शिक्षणहक्क अधिनियम (२००९) ज्या शाळांना लागू आहे, तेथे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढता येत नाही आणि त्यास शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. ‘दुसरी शाळा पाहा’ ही सूचना सहसा लेखी दिली जात नाही, याचे कारण हेच. पालकांनी ती लेखी मागावी. बहुतेक वेळा ती मागे घेतली जाते.

प्रमाणपत्र व टक्केवारीचा प्रश्न : अधिनियमातील काही लाभ, उदा., सहा ते अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण व उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षण, ४० टक्के वा अधिक दिव्यांगता प्रमाणित झालेल्यांसाठी आहेत. स्वमग्नतेचे प्रमाण ठरविण्यासाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या मापनश्रेणीत ४० मुद्दे असून प्रत्येकास एक ते पाच गुण दिले जातात. एकूण ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानतात. यांतील कित्येक मुद्दे बोलणे गमावणे, ऐकलेले शब्द निरर्थकपणे पुन्हा उच्चारणे अशा लक्षणांविषयीचे आहेत. अस्खलित बोलणारे मूल तेथे कमी गुण मिळविते आणि अडचण खरी असूनही उंबरठ्याच्या अलीकडे राहते.

परंतु वाजवी सोयीचा हक्क या ४० टक्क्यांशी बांधलेला नाही, ही गोष्ट शाळांत फारशी ज्ञात नाही. सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ती निःसंदिग्धपणे स्पष्ट केली. खटला लेखनिकाच्या मागणीचा व अर्जदार प्रौढ परीक्षार्थी होता. तथापि त्यातील तत्त्व शाळेसही लागू पडते. ४० टक्क्यांचा निकष जेथे कायद्याने घातला आहे तेथेच तो लावावयाचा. सोयी नाकारण्यासाठी त्याचा वापर करता येत नाही. प्रमाणपत्र न मिळालेल्या बालकाच्या पालकांनी तज्ज्ञाचा अहवाल जोडून सोळाव्या कलमाखाली अर्ज करावा, तो हा आधार घेऊन. शाळेने दाद न दिल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे व पुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे.

वर्गातील योजना : अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक अपंग बालकासाठी लेखी वैयक्तिक शिक्षणयोजना बंधनकारक आहे, तेथे स्वमग्नतेस स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता १९९० मध्ये मिळाली. भारतात अशी सर्वत्र रुळलेली प्रथा नाही, परंतु मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व पालक यांनी वर्षारंभी एकत्र बसून एक पानाचे टिपण तयार केल्यास ते पुरेसे होते. ते लेखी असावे. तोंडी ठरलेली गोष्ट वर्गशिक्षिका बदलताच संपते आणि जूनमध्ये सारे पुन्हा सांगावे लागते.

टिपणातील बहुतेक सोयींना खर्च येत नाही. दिवसाचे वेळापत्रक बाकावर चिकटविणे व त्यात बदल असल्यास सकाळीच सांगणे. उपरोध टाळून सूचना सरळ शब्दांत व एका वेळी एक देणे. खिडकी वा दारापासून दूरची ठरलेली जागा. परिपाठाच्या वेळी रांगेच्या टोकास उभे राहण्याची मुभा. ताण वाढल्यास खूण करून ग्रंथालयात वा ठरलेल्या शांत जागी दहा मिनिटे जाण्याची परवानगी. दृश्य वेळापत्रकाची ही पद्धत १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी विकसित केलेल्या कार्यक्रमातून सर्वत्र पसरली. मधल्या सुट्टीसाठी ग्रंथालयातील पुस्तके लावणे वा बागेस पाणी घालणे असे ठरावीक काम दिल्यास तो अर्धा तास सुसह्य होतो. छळाच्या घटनाही बहुतेक याच वेळेत घडतात, आणि हे मूल त्यांची तक्रार करीत नाही, कारण आपला छळ होत आहे हे त्याला पुष्कळदा उमगतच नाही.

पालकांच्या खर्चाने बालकामागे ‘शॅडो टीचर’ बसविण्याची अट शहरांतील काही शाळा घालतात. काही बालकांना तिचा उपयोग होतो. परंतु ॲस्पर्गर प्रकारच्या बालकास शेजारी सतत बसलेले मोठे माणूस सवंगड्यांपासून आणखी दूर नेते, असे अनुभवास येते. शिवाय साहाय्य पुरविण्याची शाळेची जबाबदारी त्यामुळे पालकांवर ढकलली जाते. विशेष शिक्षकांची नेमणूक हा त्यावरील खरा उपाय होय. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक व वरच्या स्तरावर पंधरांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात ग्रामीण भागात तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील एका तज्ज्ञास अनेक शाळा पाहाव्या लागतात.

परीक्षा : केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकास पात्र परीक्षार्थींना तासामागे किमान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद होती, लेखनात अडचण असणाऱ्या, परंतु ४० टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या. शालान्त परीक्षेसाठी संबंधित मंडळाचे नियम पाहून अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. त्याची तयारी नववीतच सुरू करावी. उपलब्ध आहेत म्हणून सर्व सवलती घेण्याकडे पालकांचा कल असतो, तो टाळावा. अनोळखी लेखनिकास तोंडी उत्तर सांगणे या मुलांना लिहिण्याहूनही अवघड जाते, आणि भाषा हा ज्याचा बलवान विषय आहे त्याने भाषेतून सूट घेतल्यास नुकसानच होते. जादा वेळ व वेगळी शांत खोली या दोन सोयींचा उपयोग मात्र जवळजवळ सर्वांना होतो. परीक्षा केंद्र आधी एकदा दाखवून आणणे हे मंडळाच्या कोणत्याही नियमात नाही. ते पालकांनीच करावयाचे असते.

दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेताच शाळेतील सर्व व्यवस्था संपुष्टात येतात. त्या आपोआप पुढे चालू राहत नाहीत. नव्या संस्थेत अर्ज, अहवाल व टिपण ही तिन्ही पुन्हा सादर करावी लागतात. या वेळेपर्यंत मुलाला स्वतःच्या अवस्थेची माहिती दिलेली असल्यास अर्जावर सही करावयास व प्राचार्यांना भेटावयास ते पालकांबरोबर स्वतः जाऊ शकते.